पुढची लहान, मागची मोठी

मित्रांनो, पाचोऱ्याहून भडगावकडे जाताना रस्त्याला लागून एक मळा आहे. विहिरीजवळ मोठा कडुनिंब आहे आणि त्याच्या सावलीत मी उभी असते. मी जीप आहे. माझा रंग कोणता होता हे आता मलाच नीट आठवत नाही. पुढच्या सीटवर कोंबडी अंडी घालते आणि बॉनेटवर मिरच्या वाळतात. मागे मला चाके नाहीत, तिथे विटा रचल्या आहेत. पुढे मात्र दोन चाके आहेत. येणारा-जाणारा हसतो. उभ्याच राहणाऱ्या गाडीला चाके कशाला, आणि लावायचीच तर दोन का, आणि तीही पुढेच का, असे विचारतो.

उत्तर द्यायला मला तोंड नाही. खरे सांगायचे तर आता तेवढा उत्साहही नाही. पण तुम्ही दुपारी येऊन माझे स्टिअरिंग फिरवता, तोंडाने भुर्र भुर्र करता, तेव्हा वाटते की तुम्हाला तरी सांगावे.

माझी पहिली वर्षे पाटबंधारे खात्याच्या साहेबांना गिरणेच्या कालव्यांवरून फिरवण्यात गेली. मग मी जुनी झाले असे कुणीतरी कागदावर लिहिले आणि लिलावात रुपचंद नानांनी मला घेतले. नानांची कपाशीची शेती होती. त्यांच्या गावातली मी पहिली जीप. मंजुळाबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, माझ्या चारही चाकांवर पाणी घातले, हळदकुंकू लावले आणि त्या म्हणाल्या, "मायबाई, आते हाई घर तुन्हं शे."

त्या चाकांविषयी तुम्हाला सांगायला हवे. ती सहा-सोळाच्या मापाची होती, अरुंद आणि उंच. त्यांच्यावर जाड ठोकळ्यांची नक्षी होती. लोक तिला मिलिटरीची नक्षी म्हणत. पुढे जा की मागे या, पकड सारखीच. आपल्याकडची जमीन काळी. पाऊस पडला की रुंद चाक चिखल अंगावर ओढून घेते आणि जागच्या जागी फिरत बसते. अरुंद चाक तो चिखल कापते आणि खालच्या कठीण थरावर पाय टेकते. माझी चाके दिसायला किरकोळ होती. पण बैल जिथे थांबत तिथून मी पार होत असे.

माझ्या पोटात एक लोखंडी पेटी आहे. एरवी माझी मागचीच चाके जोर लावतात. वाट फारच वाईट असली की एक लहान दांडा ओढायचा. मग ती पेटी पुढच्या चाकांनाही कामाला जुंपते आणि चारही चाके मिळून गाडी ओढतात. त्या पेटीची एकच अट असते. चारही चाके एका मापाची हवीत. कारण ती चौघांना एकाच वेळी सारखेच फेरे घ्यायला लावते. हे ध्यानात ठेवा. पुढचे सगळे यावर आहे.

मी खूप काम केले. कपाशीची गाठोडी वाहिली, मळ्यात पाइप नेले, नवरदेव मिरवले. पण माझे आवडते काम आखाजीच्या आधी असायचे. आखाजी म्हणजे आपल्या खानदेशातला माहेरवाशिणींचा सण. पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, घरोघरी खापरावरचे मांडे आणि आमरस असतो. निंबाच्या फांद्यांना झोके बांधतात आणि सासरहून आलेल्या पोरी त्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात. त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. गावातल्या कितीतरी मुऱ्हाळ्यांना मी नेले. येताना मागे तीन-तीन पोरी दाटीवाटीने बसायच्या. गाव दिसले की त्या गप्प व्हायच्या. मग एखादी हळूच डोळे पुसायची.

नानांना दोन मुले. थोरला लीलाधर आणि धाकटी लता. लताचे लग्न पारोळ्याच्या पुढे, धुळे तालुक्यात, बोरी नदीच्या पलीकडच्या एका गावात झाले. तिची पहिली दिवाळी आली तेव्हा कापसाच्या तोलाईची घाई होती. नानांना जाता आले नाही आणि त्यांनी लीलाधरलाही सोडले नाही. लता सासरीच राहिली. मग नानांनी निरोप धाडला, "आखाजीले सोता ईसू. आपली जीप लई ईसू." स्वतः येईन, जीप घेऊन येईन, असा शब्द होता तो.

ते सत्त्याऐंशी साल होते. तोवर माझी मागची दोन्ही चाके झिजत आली होती. अगदी गुळगुळीत नव्हती, पण ठोकळ्यांच्या कडा गेल्या होत्या. होळीच्या सुमारास नाना आणि लीलाधर मला घेऊन जळगावला गेले. दाळमिलांच्या रस्त्याला पितांबरशेठचे टायरचे दुकान होते. दुकानासमोर टायरांच्या उतरंडी लागलेल्या होत्या, लहानावर मोठे, मोठ्यावर लहान. रबराचा वास सगळीकडे. मला तो वास आवडायचा. तुम्हाला नव्या पुस्तकांचा आवडतो ना, तसाच.

लीलाधरची नजर थेट साडेसात-सोळाच्या जाडजूड टायरांवर गेली. त्या टायरांना रुंद रिमही लागत होत्या, त्याही भंगारातल्या एका मोठ्या गाडीच्या मिळाल्या. लीलाधर म्हणाला, "नाना, हाई लावा. मडगार्डना बाहेर निंघतीन. बठ्ठा गाव देखत राही." सगळा गाव बघत राहील, एवढेच त्याला हवे होते.

पितांबरशेठ म्हणाले, "लावायचे तर चारही लावा. नाहीतर आहेत तेच माप मागे पुन्हा टाका. पुढे लहान, मागे मोठे, असे या गाडीला चालत नाही."

नाना हसले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ट्रॅक्टर घेतला होता आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट ते ट्रॅक्टरवरून मोजत. "शेठ, तू टायर इकस, मी वावर नांगरस. ट्रॅक्टरनं पुढलं चाक केवढं ऱ्हास? ल्हानलं. मागलं? कंबरएवढं. जोर मांगथून येस. पुढलं ते नुसतं वळस."

"नाना, ट्रॅक्टर वेगळा. तो बनतोच तसा. हिला पुढूनही जोर आहे. दांडा ओढला की..."

"तो दांडा आम्ही वरीसमा दोनदा ओढतस. त्यान्हासाठे चार टायर?"

"दोनदाच ओढता हो. पण तेव्हा गरज असते म्हणूनच ओढता ना?"

नाना पुन्हा हसले आणि त्यांनी चहा सांगितला. तेव्हा पितांबरशेठने पुढे बोलणे सोडले. त्यांचा दोष नाही. गिऱ्हाइकाला एकदाच सांगायचे असते, फार तर दोनदा.

मोठी चाके बसली आणि माझी मागची बाजू उंच झाली. नाक खाली, शेपूट वर. लीलाधर मला मेहरूणच्या तलावावर घेऊन गेला आणि त्याने दोन चकरा मारल्या. फिरायला आलेली माणसे वळून बघत होती. खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले. पण पुढची चाके गप्प होती. त्यांच्यावर आता सगळा भार उतरत होता.

काढलेली दोन चाके रिमसकट घरी आली. नानांचे व्याही, म्हणजे लताचे सासरे हिलाल आबा, तेव्हा टायरची बैलगाडी करून घेत होते. नानांनी ती दोन्ही चाके त्यांच्याकडे पाठवायचे ठरवले. मंजुळाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "याहीले जुना चाकं देतस का कोनी?"

"जुना नही शेत ते. आजून पाच वरीस चालतीन."

"मंग तुमीच ठेवा ना आपला जीपले."

धुळ्याकडे जाणाऱ्या एका ट्रकवर चाके चढवली गेली. मी ती जाताना पाहिली. इतकी वर्षे माझ्याखाली फिरलेली चाके दुसऱ्या कुणाच्या पाठीवर आडवी पडून चालली होती.

होळीनंतर मी पक्क्या रस्त्यानेच फिरले. दांडा ओढायची वेळ आली नाही, म्हणून काही बिघडलेही नाही. नानांना आपण बरोबर होतो असे वाटले. आखाजी जवळ आली. इतर घरचे मुऱ्हाळी चार-पाच दिवस आधी गेले आणि पोरी घेऊनही आले. मंजुळाबाई रोज विचारत, "कव्हळ जातस?" नाना म्हणत, "लोके एसटीना भरवसावर शेत. आपली गाडी शे. आदला रोज जाऊ नि सांजले घर." मंजुळाबाईंनी झोका मात्र बांधून ठेवला, याच निंबाला. दुसऱ्या कुणाच्या पोरीला त्यांनी त्यावर बसू दिले नाही. "पहिले मन्ही लता बशी," असे म्हणायच्या.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. लीलाधर चालवत होता, नाना शेजारी, मागे सांजोऱ्यांचा डबा आणि लताच्या सासूसाठी साडी. भडगाव गेले, पारोळा गेले. धुळ्याचा रस्ता सोडून डावीकडे वळल्यावर मुरुमाची वाट लागली. खड्डे होते, पण जमीन टणक होती. तिथे नाना म्हणाले, "दांडा लाय. याहीना गावमा जोरमा जावानं."

टणक जमिनीवर चाकाला घसरायला जागा नसते. माझी पुढची चाके लहान, त्यांना जास्त फेरे हवे होते. मागची मोठी, त्यांना कमी पुरत होते. पोटातली पेटी दोघांना एकाच चालीने चालवू बघत होती. मागची ढकलत होती, पुढची रोखत होती. माझ्याच दोन जोड्या एकमेकींशी भांडत होत्या आणि मी मधे. घुरघुर वाढली. लीलाधर म्हणाला, "नाना, गाडी जड लागस." त्याने दांडा काढून पाहिला. निघेना. पेटीत दात दातांवर घट्ट रुतले होते. "राहू दे," नाना म्हणाले, "आते नदीच शे."

बोरी कोरडी होती. काठावरून उतरताना दगडी उतार आहे, तो संपला की वाळू. त्या उतारावर माझ्या पोटात काहीतरी कडकन मोडले. उताराच्या वेगाने मी वाळूत थोडी पुढे गेले आणि थांबले. लीलाधरने इंजिन पुन्हा चालू केले. इंजिन चालत होते, पण चाकांपर्यंत काही पोचत नव्हते. आतून फक्त लोखंडाचा चुरा फिरल्यासारखा आवाज आला.

समोर पलीकडचा काठ होता. तिथे दरडीवर एक पोरगी उभी होती. हातात पिशवी, अंगावर लग्नातली साडी. ती लता होती. मला नंतर कळले की ती सकाळपासून तिथेच होती. गावातल्या बाया वाळूतल्या झिऱ्यावर पाण्याला येता-जाता तिला म्हणत होत्या, "उना का वं तुन्हा मुऱ्हाळी? का दिवाईगतच?" दिवाळीलाही तिला न्यायला कुणी आले नव्हते ना.

नाना उतरले. त्यांनी माझ्याखाली वाकून पाहिले, जणू काही दिसणारच होते. मग ते लीलाधरला म्हणाले, "पारोयाले जाय. मिस्तरी लई ये."

"नाना, आज कोन मिस्तरी ईन? सन शे उद्या."

"मंग उद्या लई येऊत. गाडी आठे सोडीसन मी जाव नही."

ऊन डोक्यावर चढले होते. नानांचे तोंड मला आठवते. जिला शब्द दिला ती पोर आणि मोडलेली गाडी, यांतले कोणते सोडावे हे त्यांना कळत नव्हते.

तेवढ्यात पलीकडून बैलगाडी उतरली. वाळूत लोखंडी धावेची गाडी रुतते, पण ही रुतत नव्हती. बैल सावकाश चालत होते आणि चाके वाळूवरून हलकी येत होती. जवळ आल्यावर मी ओळखले. ठोकळ्यांच्या कडा गेलेली, अरुंद, सहा-सोळाची. माझीच चाके होती ती. मित्रांनो, आपलेच पाय दुसऱ्याला घेऊन आपल्याकडे चालत येताना तुम्ही कधी पाहणार नाही. मी पाहिले.

हिलाल आबा गाडी हाकत होते आणि लता मागे बसली होती. आबांनी गाडी थांबवून मला पुढून-मागून पाहिले. "याही, पोरीले लेवाले उनात, का नदीमा बसाले?"

नाना म्हणाले, "गाडीनं आत काहीतरी तुटनं."

"मागला पाय ते भलता मोठा शेत. मंग पुढे काब्र जात नही?" आबा चेष्टेने म्हणाले, पण बैलांची तोंडे त्यांनी पारोळ्याच्या दिशेनेच ठेवली होती. "बसा. एसटीपावत सोडी देस."

नाना जागचे हलेनात. "मिस्तरी येवादे. उद्या नीट जीपवरच लई जासू तिले. मी जीपनं सांगेल शे."

तेव्हा लता गाडीतून उतरली. वाळूत चालत येऊन नानांसमोर उभी राहिली. तिचा आवाज लहानपणापासून बारीक होता, तो तसाच होता. "नाना, उद्या आखाजी शे. जीप परवा नीट व्हई. परवा मी झोकावर बसीसन काय करू?"

एका बैलाने मान हलवली आणि घुंगरू वाजले.

"तुमी उनात," लता म्हणाली, "बठ्ठास्नी देखं. आते चला."

नानांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. मग ते बैलगाडीकडे गेले आणि चढण्याआधी चाकावर हात ठेवून म्हणाले, "हाई मन्हं चाक शे."

"आते मन्हं शे," हिलाल आबा म्हणाले. "पाय टाका त्यान्हावर नि चढा."

नाना चढले. लीलाधरने सांजोऱ्यांचा डबा माझ्यातून काढून गाडीत ठेवला आणि तोही चढला. लता बसली. ती माझ्याकडे बघत राहिली, पण नाना पाठमोरे बसले होते. बैल काठ चढून गेले आणि घुंगरांचा आवाज संपला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नदीत होते. पलीकडच्या गावातही माहेरवाशिणी आल्या होत्या. दिवसभर झोक्यांवरची गाणी ऐकू येत होती. इकडे मळ्यात त्याच वेळी लता या निंबाखालच्या झोक्यावर बसली होती. ती कितीतरी वेळ उतरली नाही आणि मंजुळाबाई तिला मागून ढकलत राहिल्या, हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळले. लता माहेरी पोचली. माझ्या चाकांवरून पोचली, माझ्याशिवाय. त्यात मला दुःख झाले का? झाले. आनंदही झाला. दोन्ही एकदम होतात, मोठे झाल्यावर तुम्हाला कळेल.

मग मिस्तरी आला, त्याने मला ओढून नेले, पेटीत दुसरे दात बसवले. मोठी चाके ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला गेली. मला चारही चाके एका मापाची मिळाली, पण ती रिमोल्डची होती, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चिकटवलेली. ते रबर उन्हाळ्यात सुटायचे. दांडा मात्र पुन्हा कुणी ओढला नाही. त्यावर फडके बांधून ठेवले होते. पुढे लीलाधरने नवी डिझेलची गाडी घेतली. मला मळ्यात आणले. ठिबकच्या नळ्या माझ्यात ठेवू लागले. एकेक चाक कुणी ना कुणी गरजेला नेले आणि परत आणायचे राहून गेले. शेवटी चारही बाजूंना विटा आल्या. याची तक्रार करावी एवढी ताकद माझ्यात नव्हती. ऊन यायचे, सावली यायची, कोंबडी यायची.

मंजुळाबाई गेल्या. बोरीवर फरशीपूल झाला आणि त्या गावाला एसटी जाऊ लागली. लता दर आखाजीला येतच राहिली, आधी मुऱ्हाळ्याबरोबर, मग आपल्या मुलीला घेऊन एकटीच. नाना थकले. दुपारी ते कोंबडी हुसकून माझ्या सीटवर बसतात आणि स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटतात. ट्रॅक्टरच्या गोष्टी आता ते सांगत नाहीत.

यंदाच्या आखाजीला लता टेम्पोतून आली. हिलाल आबांची बैलगाडी मोडीत निघाली होती. लाकूड सगळे चुलीत गेले, पण दोन चाके लताने कुणाला नेऊ दिली नाहीत. ती त्यांना घेऊन आली. टायर अगदी टक्कल पडलेले होते. रिमवर गंज होता. तिने ती माझ्या अंगाला टेकवून उभी केली.

नाना काठी टेकत आले. त्यांनी टायरवरून हात फिरवला. मग लीलाधरला म्हणाले, "जॅक लई ये. लाय हिले."

लीलाधर म्हणाला, "नाना, हाई आते कोठे जाई? बरं, लावस. मागला शेत ना हाई? मागेच लावस."

"नही," नाना म्हणाले. "पुढे लाय. पुढलास्ले मी कधी काही दिधं नही."

लता पलीकडे झोक्याची दोरी बांधत होती. तिचे हात थांबले. तिने वळून पाहिले नाही. थोड्या वेळाने तिने गाठ पुन्हा आवळायला घेतली.

तर मित्रांनो, ही दोन चाके पुढे का, ते हे असे. मी आता कुठे जाणार नाही. मला जायचेही नाही, मी फार थकले आहे. तुमच्याजवळ एकच मागणे आहे. तुमच्या घरी गाडी असेल, बैल असतील, बहीण असेल, भाऊ असेल. ज्यांना बरोबर चालायचे आहे त्यांना देताना हात आखडू नका आणि एकाला मोठे, एकाला लहान असे माप लावू नका. एखादे पुढे राहून नुसते वळते आहे असे वाटेल. पण वाळूत उतरल्यावर कळते की तेही ओढत होते.

आता स्टिअरिंग फिरवायचे तर फिरवा. फक्त हळू फिरवा. कोंबडी अंड्यावर बसली आहे, आणि पुढची चाके अजून वळतात.